ऑपरेटरबाईंचा बोगदा

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक हात जोडून सुरुवात करतात. मी करणार नाही. ऑपरेटरबाईंवर माझा राग आहे आणि त्यांना जाऊन सात-आठ महिने झाले तरी तो उतरलेला नाही. त्यातला त्यांच्या वाट्याचा किती आणि माझ्या स्वतःच्या वाट्याचा किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. ते करता यावं म्हणून लिहायला बसलो आहे. यात मी चांगला दिसणार नाही, हे मला माहीत आहे.

कळमनुरीत नांदेड रस्त्याच्या बाजूला बाईंचं घर होतं. पुढची खोली माझ्याकडे भाड्यानं होती. आधी मी तिथून केबल टीव्ही चालवला. मग लोकांचा टीव्ही सुटला आणि मोबाइल हातात आला, तसं त्याच खोलीतून घरोघर इंटरनेट द्यायला लागलो. मागच्या दोन खोल्यांत बाई एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. मूळच्या शिरड शहापूरच्या. फोन हातानं जोडले जायचे त्या काळात त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, म्हणून गाव त्यांना शेवटपर्यंत ऑपरेटरबाईच म्हणालं.

त्या काळातलं काम त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. गिऱ्हाइकानं रिसीव्हर उचलला की बोर्डावर खूण पडायची. बाई विचारायच्या, "नंबर?" मग एक दोरी या भोकात, दुसरी त्या भोकात. समोरचा बोलायला लागला की आपली कळ मागे ओढायची. कळ पुढे ठेवली तर दोघांचं बोलणं ऑपरेटरला ऐकू यायचं. बऱ्याच जणी ती पुढेच ठेवायच्या, करमणूक म्हणून. बाई मागे ओढायच्या. आणि ओढताना म्हणायच्या, "बोला, मी गेले."

नोकरी संपली तरी ते "मी गेले" संपलं नाही. दोन माणसं बोलायला लागली की बाई उठायच्याच. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या दोघी सासूबद्दल कुजबुजायला लागल्या, की बाई अर्ध्या जेवणावरून ताट उचलून दुसऱ्या टोकाला. एकदा हिंगोलीच्या बसमध्ये मागच्या सीटवर नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं. बाईंना खिडकीची जागा मिळाली होती, गुडघे दुखत होते. "बोला तुमी, मी गेले," म्हणून त्या उठल्या आणि हिंगोलीपर्यंत दांड्याला धरून उभ्या राहिल्या. ते दोघं लाजून गप्प झाले, ते वेगळंच.

मी ऑफिसातून बायकोशी फोनवर बोलायला लागलो की मागच्या खोलीत मिक्सर सुरू व्हायचा. मला वाटायचं, बाई सारखी चटणी कसली वाटून राहिल्यात. एक दिवस डोकावून बघितलं तर भांडं रिकामं. नुसता मिक्सर फिरत होता आणि बाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. माझं बोलणं कानावर येऊ नये म्हणून. असे दोन मिक्सर जळाले. मी ही गोष्ट गावभर हसून सांगितली.

त्यांच्या नोकरीतला एक किस्सा त्या अभिमानानं सांगायच्या. एक मोठा अडत व्यापारी एक्सचेंजमध्ये येऊन बसला. त्याच्या स्पर्धकाला नांदेडहून फोन आला होता, कापसाचा भाव काय ठरला ते याला हवं होतं. बाई म्हणाल्या, "लागला होता. बोलले. ठेवला." त्यानं परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाईंनी "नंबर?" असं त्यालाच विचारलं. त्यानं वर तक्रार केली, बाई उद्धट आहेत म्हणून, आणि बाईंना दोन वर्षं लांबच्या गावी काढावी लागली. "काहून एवढं?" मी म्हणालो, "एक भाव सांगितला असता तर काय बिघडलं असतं?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्यानं जेवणाच्या ताटात पाय ठेवला.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो.

माझ्या टेबलावर एक स्क्रीन असायचा. गावातल्या कोणत्या घरातून कोणत्या वेबसाइटला मागणी गेली, त्याची यादी त्यावर सरकत राहायची. आत कोणतं पान उघडलं, काय लिहिलं, ते मला दिसत नाही. नुसतं वेबसाइटचं नाव दिसतं. पण नाव पुरतं. कोण नोकरी शोधतंय, कुणाला कोणता आजार आहे, कोण कर्जाच्या मागे आहे, कुणाचं लेकरू परीक्षेच्या आदल्या दिवशी गेम खेळतंय, सगळं कळतं. लाइन बिघडली तर शोधायला ही यादी लागते, असं मी लोकांना सांगायचो. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं हे की मला ती वाचायला आवडायची. दुपारी काम नसलं की मी चहा घेऊन यादीसमोर बसायचो.

लोकांनाही ते माहीत होतं. बाप लोक येऊन सांगायचे, "आमच्या पोरावर जरा नजर ठेवा." मी ठेवायचो. त्याचं काही घ्यायचो नाही. आपल्या गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडतोय, असं वाटायचं. एका बारावीच्या मुलाबद्दल मी त्याच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी मुलाला पट्ट्यानं मारलं आणि दुसऱ्या दिवशी मला पेढे आणून दिले. मी ते खाल्ले.

बाईंना हे कळलं ते त्यांच्याच लाइनवरून. त्या दारात खोकल्या, मग आत आल्या. दाराबाहेर खोकल्याशिवाय त्या स्वतःच्या घरातही शिरत नसत. मी यादी वाचत होतो.

"काय वाचून राहिला रे, केबल?" मला त्या केबलच म्हणायच्या.

"गिऱ्हाइकांचं, बाई. कोण कुठं जातंय ते."

"यात मी पण आहे का?"

मी मोठ्या उत्साहानं त्यांची ओळ काढून दाखवली. पेन्शनचं, गुडघ्याच्या तेलाचं, भजनांचं. आणि या नावांखाली एका मोठ्या शहरातल्या कॅन्सर हॉस्पिटलचं नाव, चार दिवस, रोज. ते मी आधीच बघितलेलं होतं. मला खरंच वाईट वाटलं होतं. मी आवाज खाली आणून म्हणालो, "बाई, तुमी काही बोलला न्हाईत. गाठ आहे का कुठं? माझी बायको येईल तुमच्यासोबत दवाखान्यात."

बाईंनी स्क्रीनवरच्या त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "तुला कोणी विचारलं होतं?"

"न्हाई, पण काळजी वाटली म्हणून..."

"काळजी मला विचारून करायची. माझ्या बहिणीला अजून सांगितलेलं न्हाई मी. आणि तू चहा पिऊन वाचून राहिला."

त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. पंखा, स्क्रीन, मशीन, सगळं बंद. अर्ध्या गावाचं इंटरनेट बंद. बाई स्टुलावर बसल्या आणि स्विचवर हात ठेवून राहिल्या. माझा मोबाइल वाजायला लागला.

"उचल," बाई म्हणाल्या. "सांग त्यांना, काहून बंद आहे ते."

मी उचलला आणि म्हणालो, "मेंटेनन्स चालू आहे."

"सांग, मी तुमचं वाचत होतो म्हणून बंद आहे."

"बाई, हात काढा."

"मेंटेनन्सच आहे म्हणा. किती दिवसांचं राहिलेलं."

वीस-पंचवीस फोन आले. मी प्रत्येकाला मेंटेनन्स सांगितलं. शेवटी मी हात जोडले तेव्हा त्यांनी स्विच वर केला आणि जाताना म्हणाल्या, "पोलीस कागद घेऊन आले, तर दाखव. तो कायदा आहे. तू कोणाच्या कागदावर बघतो?"

मला राग आला होता. भाडेकरू म्हणून नाही, पुरुष म्हणून. सत्तरीला टेकलेली बाई मला माझं काम शिकवते. म्हणून चार दिवसांनी त्या परत येऊन "तुला दिसणार न्हाई असा काही रस्ता आहे का?" म्हणाल्या तेव्हा मी फुशारकीनंच सांगितलं, की आहे. त्यांना जमणार नाही, याची मला खात्री होती.

मी कागदावर काढून दाखवलं. तुमच्या फोनमधून निघणारं सगळं एका बंद पाकिटात भरायचं, कुलूप लावायचं आणि परदेशातल्या एका मशीनकडे पाठवायचं. ते मशीन पाकीट उघडतं आणि तिथून पुढे ज्या वेबसाइटला जायचं तिकडे जातं. परत येताना तसंच. मधे बसलेल्या मला फक्त एवढंच दिसतं, की या घरातून त्या एका पत्त्यावर कुलूपबंद पाकिटं चाललीत. जसा डोंगराखालून बोगदा. तोंडाशी गाडी शिरताना दिसते, आत काय चाललंय ते नाही.

"आणि दुसऱ्या तोंडाशी जो बसलाय, त्याला दिसतं?"

प्रश्न ऐकून मी चपापलो. मोठमोठ्या दुकानदारांनी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. "हो," मी म्हणालो. "त्याला दिसतं. त्याच्यावर भरोसा ठेवावा लागतो."

"मग तिथं मी बसते," बाई म्हणाल्या.

आणि बसल्या. पुण्यातल्या भाच्याला त्यांनी परदेशातलं एक छोटं मशीन भाड्यानं घ्यायला लावलं. दीड महिना रोज अकरा वाजता वही घेऊन माझ्या टेबलासमोर. मी चिडून सांगायचो, त्या शांतपणे लिहून घ्यायच्या. बाकी सगळं त्यांनी एकदाच विचारलं. एक गोष्ट मात्र दहादा, की मशीन आपोआप काय काय लिहून ठेवतं आणि ते कसं बंद करायचं. शेवटची नोंद बंद झाली त्या दिवशी म्हणाल्या, "आता परत एक्सचेंजवर आले मी. सगळ्यांच्या तारा हातात, आणि कळ मागे."

संक्रांतीला त्यांनी गल्लीतल्या बायकांना वाणाला बोलावलं. बिनलग्नाच्या बाईनं हळदीकुंकू करायचं, म्हणून आधीच नाकं मुरडली गेली. बाईंनी हळद ठेवली नाही, कुंकू ठेवलं नाही. त्यामुळे मागच्या आळीतल्या मुसलमान बायकाही निवांत आल्या. तिळगूळ दिला आणि सूप पुढे केलं. सुपात प्लास्टिकची वाटी नाही, रुमाल नाही. घडी घातलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर काळ्या ठिपक्यांचा तो चौकोन, ज्याला आमच्याकडे सगळे स्कॅनर म्हणतात. हातानं ढवळून एक उचलायची. कोणी कोणती उचलली, ते बाईंनाही कळू नये म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं. फोननं चौकोन स्कॅन केला की बोगदा चालू.

माझी बायको एक चिठ्ठी घेऊन आली. मी ती फाडली. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या यादीत घरामागून घर काळं पडायला लागलं. सरकणाऱ्या नावांच्या जागी एकच परदेशी पत्ता, पुन्हा पुन्हा. माझा धंदा बुडाला नव्हता, लाइन तीच होती, बिल तेच होतं. तरी मला लुटल्यासारखं वाटलं. या बायकांना लपवायचंय काय एवढं, असं मी स्वतःशी म्हणायचो. मुख्य कोणापासून लपवायचंय, हे मी स्वतःला विचारलं नाही. उत्तर खुर्चीत बसलेलं होतं.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी बाकीचं सांगितलं.

माझा एक जुना मित्र आहे. बाजारात कापडाचं दुकान आहे त्याचं. त्याच्या मुलीला मी पाळण्यापासून बघतोय. ती मला काका म्हणते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, वाशीमकडचं स्थळ ठरलं होतं, लग्न परीक्षेनंतर. एका दुपारी मी दुकानात बसलो होतो. मित्र कापड फाडता फाडता म्हणाला, "काय म्हणून राहिलं आमच्या घरचं नेट?"

त्यानं काही विशेष विचारलं नव्हतं. चहा येईपर्यंतचं बोलणं होतं. मी म्हणालो, "तुझ्या घरातला एक फोन महिनाभर झाला, बंद डब्यात चाललाय. काहीच दिसत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे मला दिसू नये म्हणून कोणीतरी बंदोबस्त केलाय."

त्याच्या हातातली कात्री थांबली. "कोणाचा फोन?"

त्याच्या घरात कोणकोणते फोन जोडलेत, ते मला माझ्याकडून दिसायचं. मी सांगितलं. "पोरीचा."

तिनं काय बघितलं, मला माहीत नव्हतं. काहीही माहीत नव्हतं. फक्त दार बंद आहे, एवढं बघितलं होतं. आणि ते मी तिच्या बापाला असं सांगितलं, जसं आत कोणीतरी सापडलंय.

त्यानं त्याच संध्याकाळी फोन काढून घेतला आणि पोरीचं बाहेर जाणं बंद केलं. मुलगी आधी गप्प बसली. "पोरगं असल्याशिवाय एवढं लपवतंय कोण?" असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन बाईंच्या दारात गेला. बाई ओट्यावर भाजी निवडत होत्या.

"बाई, सगळं तुमच्या मशीनमधून जातं म्हणे. काय बघत होती आमची पोरगी?"

"लागला होता. बोलली. ठेवला."

"मजाक करू नका."

"मजाक न्हाई. तिथं काही लिहूनच राहत न्हाई. मला माहीत न्हाई."

"तुमाला माहीत हाय, तुमी सांगत न्हाई."

"माहीत असतं तरी सांगितलं नसतं. पण माहीतच न्हाई."

मित्र माझ्याकडे वळला. "बघितलं? सांगत न्हाईत, म्हणजे हाय काहीतरी." आणि निघून गेला.

मी मागे थांबलो. मला आता भीती वाटायला लागली होती. म्हणालो, "बाई, एक शब्द बोला त्याला. म्हणा, पोरगी अभ्यासाचं बघत होती."

"खोटं?"

"व्हय, खोटं! एका खोट्यानं पोरगी सुटते तर काय जातं तुमचं?"

बाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. "आज मी हिच्याबद्दल चांगलं सांगितलं, तर उद्या जिच्याबद्दल गप्प बसेन ती वाईट ठरंल. चाळीस फोन आहेत माझ्याकडं. मग एकेका बापाला, एकेका नवऱ्याला मी उत्तर देत बसू?"

"चाळीस जणींचं राहू द्या. या एकीचं काय?"

त्यांनी खाली ठेवलेली भाजी परत निवडायला घेतली. हाच माझा राग. त्यांचं म्हणणं बरोबर असेल. आज मला ते बरोबरच वाटतं. पण ओट्यावर बसून बरोबर राहणं सोपं होतं आणि ती पोरगी घरात कोंडलेली होती. मी तसं त्यांना तोंडावर म्हणालो. खूप मोठ्यानं म्हणालो, शेजारी बाहेर आले. बाई उभ्या राहिल्या आणि तितक्याच मोठ्यानं ओरडल्या, "तिचं नाव घ्यायला तुला कोणी कागद दिला होता का? तू सांगितलं, केबल! माझ्या दारात येऊन मला काय विचारतो!" त्यांना धाप लागली. तेव्हा त्यांच्या औषधाच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या, डोक्यावर रुमाल बांधलेला असायचा. तो घसरला. मी मान खाली घालून आत गेलो.

यानंतरचं मी सगळ्यात जास्त दिवस लपवलं.

चार-पाच दिवसांनी मित्र ऑफिसात आला. म्हणाला, "आता नवीनच काढलंय पोरीनं. म्हणते, मुलाचं आधी एक लग्न झालेलं. त्या बाईनं मारहाणीची केस केली होती, कोर्टाच्या साइटवर आहे. फोन द्या, दाखवते म्हणते. मी फोन पार साफ करून टाकला पहिल्याच दिवशी. तुला काय वाटतं?"

माझ्यासमोर स्क्रीन होता. कोर्टाची साइट सगळ्यांना उघडी असते. जिल्हा टाकायचा, नाव टाकायचं. दहा मिनिटांचं काम. वर्षानुवर्षं मी ज्याचं मला काही कारण नाही ते बघत बसलो होतो. हे बघायला पहिल्यांदाच खरं कारण होतं.

मी म्हणालो, "लग्न नको असलं की पोरी असंच सांगतात."

मी बघितलं नाही. काहून बघितलं नाही, ते मला माहीत आहे. ते खरं निघालं असतं, तर मी दुकानात जे बोललो ते परत घ्यावं लागलं असतं.

परीक्षेची वाट न बघता लग्न उरकलं. मी बायकोसह गेलो, आहेर केला. मुलगी माझ्या पाया पडली, सगळ्यांच्या पडत होती म्हणून. परत आलो तर माझं सामान बाईंच्या ओट्यावर मांडून ठेवलेलं होतं. तारा गुंडाळून, डबे एकावर एक, आणि स्क्रीन भिंतीकडे तोंड करून. बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मशीन चालू आहे, गावाचं बंद पाडलं न्हाई मी," म्हणाल्या. "तीन दिवसांत तेवढं उचल. हे घर मी एक्सचेंज म्हणून चालवलेलं आहे." मी शिव्या दिल्या. त्यांनी मिक्सर लावला नाही. सगळ्या ऐकून घेतल्या.

नऊ महिन्यांनी मुलगी परत आली. एक पिशवी घेऊन, एकटी, बसनं. डाव्या कानानं तिला आता कमी ऐकू येतं. पहिल्या बायकोची केस खरी होती. तिथंही मार कानावरच बसला होता.

मी तिला भेटायला गेलो, तेव्हा मला एकच विचारायचं होतं. विचारायचा अधिकार नव्हता तरी विचारलं. "सरकारी साइट होती, पोरी. चोरीचं काही नव्हतं. मग बाईंच्या बोगद्यातून काहून?"

"तुम्ही बघता म्हणून," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे काका, तुम्ही बघता. नुसतं नाव सापडलं होतं, निकालाचा कागद सापडायचा होता. अर्धं असतानाच तुम्ही बाबांना सांगितलं असतं आणि त्यांनी मुलाकडच्यांना. मला पूर्ण करून सांगायचं होतं."

बाई त्यानंतर दोन महिन्यांनी गेल्या. मुलगी शेवटपर्यंत त्यांच्याकडे जात-येत होती. दोघी काय बोलायच्या, मला माहीत नाही. मी एकदाही गेलो नाही. अंत्ययात्रेत मागे चाललो. भाच्यानं परदेशातलं ते मशीन सोडून दिलं आणि बोगदा बंद पडला. मग बायका माझ्या नव्या ऑफिसात यायला लागल्या, एकेकट्या, दाराशीच उभ्या राहून. "बाईंचं बंद पडलं. आता तुमी बघता का?" मी सांगतो, न्हाई, मी यादी बंद केली. खरंच केली आहे, मुलगी परत आली त्याच आठवड्यात. त्या मान हलवतात आणि जातात. एकीचाही माझ्यावर विश्वास बसत नाही. काहून बसावा? यादी बंद आहे हे त्यांना दिसणार कसं? या गोष्टीचा मला संताप येतो आणि तो काढायला माझ्याकडे दुसरा माणूस नाही.

मागच्या आठवड्यात मुलगी स्वतः ऑफिसात आली. बसली नाही. पिशवीतून कागद काढला. तिच्या खटल्यात सासरच्यांनी दिलेलं उत्तर होतं. एका ओळीखाली तिनं पेन्सिलनं रेघ ओढली होती. सदर मुलीचे विवाहापूर्वीपासून चोरून संबंध होते, इंटरनेट चालवणाऱ्या इसमाने तिच्या वडिलांस त्याबाबत सावध केले होते.

इसम म्हणजे मी. मी ती ओळ तीनदा वाचली. दुकानातलं ते वाक्य, चहा येईपर्यंतचं, वाशीमपर्यंत गेलं होतं आणि शिक्का मारून परत आलं होतं.

"तुम्हाला काय दिसलं होतं, काका?"

"काही न्हाई. कुलूपबंद पाकिटं. एक पत्ता."

"कोणी मुलगा?"

"न्हाई. कोणीच दिसलं न्हाई. दिसणं शक्यच नव्हतं."

"मग तेवढं कोर्टात येऊन सांगायचं. वकील म्हणतात, तुमच्याशिवाय ही ओळ खोडता येत नाही."

तिच्या बापानं मला आदल्या दिवशीच गाठलं होतं. जाऊ नको म्हणाला, तुझा धंदा बसेल आणि माझी उरलेली अब्रू जाईल. ते खरं आहे. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार.

"पोरी, ते विचारतील, तुम्ही गिऱ्हाइकांचं बघत होता कशाला? किती वर्षं? कोणाकोणाचं?"

"विचारतील."

"सगळं गाव ऐकंल."

"गावाला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकलेलं नाही, एवढंच."

मी उठलो. तिच्यासमोर हात जोडले आणि बोलायला लागलो, की मी तुझा अपराधी आहे, त्या दिवशी मी दहा मिनिटं... तिनं उजवा कान पुढे केला नाही. मी काय बोलतोय ते तिला पुरतं ऐकू आलं की नाही, कळलं नाही.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "तारीख लिहून घ्या. हिंगोलीला अकराच्या आत पोचायचं."

मी पावतीपुस्तकाच्या पाठीवर तारीख लिहिली, खाली कोर्टाचा खोली नंबर लिहिला. ती टेबलावर वाकली आणि मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर तिनं वाचून बघितलं. खोली नंबर चुकला होता. तिनं माझ्या हातातून पेन घेतला, तो खोडला आणि स्वतः लिहिला.